आवाज गेला कुठं?

"पण वस्ताद, आवाज गेला की नाही?"

दस्तगीर मुजावर वस्तादांनी मान वर केली नाही. उघड्या बॉनेटवर वाकून ते चालू इंजिनाला कान देऊन उभे होते.

समरजितनं पुन्हा विचारलं, "गार इंजिन सुरू केलं की पट्टा फटफट वाजायचा. आता वाजतोय का?"

"नाही."

"मग झालं तर."

"गेला म्हणतोस..." वस्ताद म्हणाले. "गेला कुठं?"

समरजित हसला. वस्तादांची ही बोलायची तऱ्हा त्याला नवी नव्हती. कोल्हापूरच्या वेशीबाहेर त्यांचं गॅरेज होतं, आणि मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हापासून तो तिथं शिकत होता. आता तर रॅलीत गाड्या पळवणारे लोक दारात येऊन आधी त्याचंच नाव घेत. वस्ताद समोर बसलेले असले तरी.

ही गाडी मात्र परक्याची नव्हती. त्याच्या थोरल्या बहिणीची होती. अमृताची. दुसऱ्या दिवशी ती ही गाडी करंजवाडीच्या घाटातल्या रॅलीत पळवणार होती, आणि इंजिन समरजितनं एकट्यानं बांधलं होतं.

अशा इंजिनात पिस्टन वर येतो, त्या क्षणाला व्हॉल्व्ह त्याच्या वाटेतून बाजूला झालेला असावा लागतो. हा मेळ एक दातेरी रबरी पट्टा राखतो. टायमिंग बेल्ट. आणि तो पट्टा सैल पडू नये म्हणून त्याला दाबून धरणारी एक कप्पी असते. टेन्शनर. पट्टा दोन-चार दात्यांनी जरी सरकला, तरी पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. इंजिन जागच्या जागी मरतं. स्टिअरिंग दगडासारखं जड होतं, ब्रेक लाकडासारखा लागतो. सपाट रस्त्यावर एवढं सोसतं.

घाटात सोसत नाही.

म्हणून पट्ट्याचा फटफटाट ऐकला तेव्हा समरजितनं हातातली सगळी कामं बाजूला टाकली होती. मूळचा टेन्शनर स्प्रिंगवर मागेपुढे होणारा. त्यानं तो काढून टाकला. एकाच जागी घट्ट बसणारा टेन्शनर लावला, आणि पान्यावर भार देऊन पट्टा ताणला. अजून थोडा ताणला. मग आणखी थोडा.

आवाज गेला.

वस्तादांनी इंजिन बंद केलं. किल्ली काढून समरजितपुढं धरली.

"चल. घाटात जाऊन येऊ."

"आत्ता? कशाला, वस्ताद? परवाच ताई सराव करून आली की."

"तू चालव. मी बाजूला बसतो."

किल्ली घ्यायला समरजितनं जरा वेळ लावला. वस्तादांनी ते पाहिलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. ते गाडीत बसून सीटबेल्ट लावत होते.

चढावर गाडी छान ओढत होती. वस्ताद ऐकत होते. समरजितच बोलत होता... नवे टायर, नवा क्लच, ताईचा हात किती तयार झालाय. माथा जवळ आला तसं इंजिन पुरतं तापलं, आणि त्याचं बोलणं कमी कमी होत गेलं.

मग ती ऐकू आली.

शीळ. बारीक, लांबून आल्यासारखी. पाय दाबला की चढायची, सोडला की उतरायची.

समरजितनं काच वर केली. शीळ तरी ऐकू येत होती.

माथ्यावर त्यानं गाडी वळवली. वस्ताद म्हणाले, "आता उतर. ताई उतरती तशी."

"तशी म्हणजे..."

"तशीच."

पहिलं वळण त्यानं बरं घेतलं. दुसऱ्या वळणावर कठडा ढासळलेला होता, आणि त्यापलीकडं फक्त उजेड होता. खाली कुठं तरी झाडांचे शेंडे. समरजितला रस्ता दिसेना. त्याला कव्हरखालचा तो काळा पट्टा दिसत होता. तारेसारखा ताणलेला. त्याचा एकेक दाता कप्पीवर चढतोय, उतरतोय, चढतोय. आता सुटेल. या वळणाला नाही सुटला. पुढच्या वळणाला सुटेल.

"हळू का केलीस?" वस्तादांनी विचारलं.

समरजितनं आणखी एक गिअर उतरवला.

"ताई हितं ब्रेक लावत नाही म्हणं."

पुढचं वळण जवळ येत होतं, शीळ कानात शिरत होती, आणि एकाएकी त्यानं गाडी डोंगराच्या कडेला घेतली. थांबवली. किल्ली फिरवली.

सगळं गप्प झालं. तापलेलं लोखंड तेवढं टिकटिकत होतं.

समरजितचे हात स्टिअरिंगवरून सुटेनात. त्यानं सोडायचं ठरवलं, तरी सुटेनात. बोटांची पेरं पांढरी पडली होती. वस्तादांनी आपला हात पुढं केला, आणि लहान पोराच्या मुठीतनं काही काढून घ्यावं तशी त्याची बोटं एकेक करून उकलली.

"केवढं आवळलंस रे."

"भ्या वाटतंय, वस्ताद."

"कवापासनं?"

खालच्या वळणावरून एक दुधाची गाडी चढत आली, हॉर्न देऊन निघून गेली.

"...पट्टा ताणला, तेव्हापासनं."

"त्याच्या आधी?"

"आधी पण होतं. म्हणून तर ताणला."

वस्तादांनी मान डोलावली. "गार इंजिनावर ताणलास. इंजिन तापतं, फुगतं. मग पट्ट्यानं जावं कुठं?"

"ठाऊक आहे मला."

"ठाऊक हाय. शीळ कधी ऐकलीस?"

"परवा. ताई सराव करून खाली आली तेव्हा."

"तिला काय सांगितलंस?"

"ठणठणीत आहे म्हणालो."

"आन् मला?"

"तुम्हाला म्हणालो... आवाज गेला."

त्याला वाटलं, आता वस्ताद हात उगारतील. त्यांनी नुसतं दार उघडलं, आणि ते खाली उतरले. त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. मानेपासून कमरेपर्यंत घामानं भिजून गेला होता. घाटात तर गार वारा होता.

"वस्ताद... तुम्हाला आधीच कळलं होतं?"

"कान अजून हायेत मला."

"मग बसलात कसे?"

"बसलो खरं," वस्ताद म्हणाले. "भीत भीतच बसलो."

गाडी पुन्हा सुरू केली नाही. गॅरेजची जीप बोलावून, टोचन लावून, सावकाश खाली आणली.

कव्हर उघडलं तेव्हा काळी भुकटी खाली सांडली. पट्ट्याची कड उसवली होती, तिचे दोरे बाहेर आले होते. कप्पीचं बेअरिंग बोटानं फिरवलं तर वाळू भरडावी तसं खरखरलं. त्याचं लोखंड तापून जांभळं पडलं होतं. वस्तादांनी पट्टा काढला, उलटा वाकवला आणि उजेडात धरला. दात्यांच्या मुळाशी बारीक चिरा होत्या. वाकवला की उघडायच्या, सोडला की मिटायच्या.

समरजित खालीच बसला. फरशीवर, तेलाच्या डागात.

हा पट्टा घेऊन ताई परवा घाट उतरली होती.

अमृता उन्हं कलताना आली. हेल्मेट काखेत मारून, नेहमीसारखी मोठ्यानं बोलत. "काय रे समऱ्या, गाडी अजून उघडी? उद्या मी काय चालत उतरू घाट?"

समरजित उठला. वस्तादांकडं बघितलं. ते दुसरीकडं तोंड करून हात पुसत होते.

"ताई, मी ठणठणीत म्हणालो होतो ना... ते खोटं होतं. मी शीळ ऐकली होती. मला कळलं होतं."

त्यानं पट्टा तिच्या हातात दिला. तिनं चिरा बघितल्या. एकेका चिरेवरून नख फिरवलं. मग म्हणाली, "मला पण ऐकू आली होती."

"काय?"

"शीळ. उतरताना. थांबवणार होते गाडी." तिनं पट्टा खाली ठेवला. "मग म्हटलं, समऱ्यानं बांधलंय इंजिन. माझ्याच कानात काही तरी असेल."

तिनं त्याला शिवी दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

नवा पट्टा आला. मूळच्या जातीचा स्प्रिंगचा टेन्शनर आला. अमृता हेल्मेट मांडीवर घेऊन दारातच बसून राहिली, आणि वस्तादांनी पाना समरजितच्या हातात दिला.

"तुम्ही बसवा, वस्ताद."

"तू."

त्यानं पट्टा चढवला, ताण दिला. वस्ताद म्हणाले, "चिमटीत धर. पिळून बघ." पट्टा जेमतेम हलला. "परत."

त्यानं ताण उतरवला. पुन्हा दिला. या खेपेला पट्टा चिमटीत लोळागोळा झाला. "परत."

घट्ट केला तर तुटण्याचं भय, सैल सोडला तर सुटण्याचं. दोहोंच्या मधे कुठं तरी जागा होती, आणि ती टेन्शनरवरच्या खुणेवर दिसली तरी हात तिथं थांबायला तयार नव्हता. शेवटी एकदा थांबला. पट्टा चिमटीत काटकोनात वळला, आणि तिथं अडला. दातेरी चाकांवरच्या खुणा जुळल्या. त्यानं इंजिन पान्यानं हातानंच फिरवलं, कुठं काही अडत नाही ना ते बघितलं, खुणा पुन्हा तपासल्या.

या वेळी वस्ताद "परत" म्हणाले नाहीत.

रॅलीच्या सकाळी समरजित त्या ढासळलेल्या कठड्याच्या वळणावर जाऊन उभा राहिला. वस्ताद शेजारी. माणसं झाडांवर चढून बसली होती, शिट्ट्या मारत होती. एकेक गाडी धूळ उडवत यायची, तिचं मागचं अंग घसरायचं, सावरायची, निघून जायची. लोक ओरडायचे.

अमृताची गाडी वरच्या वळणावर दिसली, आणि समरजितला लोकांचा आवाज ऐकू येईनासा झाला. त्याला फक्त इंजिन ऐकू येत होतं. तो त्यात शीळ शोधत होता. शीळ नव्हती. तरी शोधत होता. गाडी अंगावर आली, कठड्याच्या तुटक्या तोंडाशी तिचं मागचं चाक हातभर बाहेर गेल्यासारखं वाटलं... त्यानं डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा गाडी खालच्या वळणात शिरली होती.

अमृताला बक्षीस मिळालं नाही. ती धडधाकट खाली पोहोचली, आणि खालून तिनं दोन्ही हात वर करून हलवले.

लोक पांगायला लागले. समरजित रस्त्याच्या कडेला दगडावर बसला.

"वस्ताद, पट्टा नवा होता. टेन्शनर नवा होता. ताण तुम्ही स्वतः बघितला होता."

"होय."

"तरी माझं काळीज तोंडात आलं होतं." त्यानं आपले तळवे पुढं केले. ते थंडगार होते, ओले होते. "बघा. हे काम आता माझ्याच्यानं व्हायचं नाही."

वस्तादांनी त्याचे तळवे आपल्या हातात घेतले. उलटे केले, सुलटे केले. एखादा सुटा भाग तपासावा तसे पाहिले.

"आत्ता कुठं व्हायला लागलंय," ते म्हणाले.