मधल्या आप्पांचा घास

"अगं, मधले आप्पा म्हणे या खेपेला सगळं गाव…"

धूसरमामी जाऊबाईंना एवढं सांगता सांगता पुढे निघून गेल्या. दूरच्या एका आकाशगंगेतलं वायूच्या ढगांचं हे गाव. तिथे सगळेच मध्याभोवती फिरत असायचे. मध्यावर होतं एक महाप्रचंड कृष्णविवर. भीतीपोटी सगळे त्याला 'मधले आप्पा' म्हणत.

भुरकीकाकूंच्या कानावर पडलं ते एवढंच. मामी फिरून परत येईपर्यंत थांबायचं, तर लाखो वर्षं जायची. काकूंना कुठला दम! वाक्य त्यांनीच पुरं केलं: "…गिळणार!"

झालं. कुणाला म्हणून स्वस्थ बसवेना.

"आप्पांचं पोट आधीच भरून टाकू," काकू म्हणाल्या. "प्रत्येकाने आपल्यातला अर्धा वायू द्यायचा. भरल्या पोटी कोण कशाला गाव गिळतंय?"

गावाच्या कडेला सावळी राहायची. लाखो वर्षं थंड, निवांत राहून ती स्वतःला गोळा करत होती. तिच्या पोटी तारा यायचा होता.

"काकू, मी नाही द्यायची. मला आता हलायचं नाही."

"वा गं! गाव बुडायला निघालंय आणि हिला डोहाळे सुचतायत!"

"आप्पा एवढे दिवस उपाशीच होते. कुणाला त्रास झाला का, तेवढं सांगा."

काकू काही थांबल्या नाहीत. बाकी सगळ्यांनी अर्धं अर्धं नेऊन दिलं.

आप्पांच्या तोंडाशी सगळा वायू गरगर फिरू लागला. एकमेकांवर घासून तापला, लखलखला. आत गेला तो घासभरच. उरलेल्यातून असा झंझावात सुटला, की ढगच्या ढग गावाबाहेर फेकले गेले.

उडता उडता काकू ओरडल्या, "सावळे, घट्ट धर गं स्वतःला!"

सावळीचा पदर फाटला, पण ती जागची हलली नाही.

गावाबाहेरच्या काळोखात काकूंना मामी भेटल्या. त्याही उडून आलेल्या.

"मामी, त्या दिवशी काय सांगत होता हो?"

"हेच. आप्पा सगळं गाव रिकामं करणार. कुणी भरवलं, तर."

काकूंनी मागे वळून पाहिलं. गाव रिकामं झालं होतं. पण सगळं नाही. कडेला एक कोवळा तारा लुकलुकत होता.

तात्पर्य: अर्धी बातमी कानावर आली, तर उरलेली ऐकेपर्यंत धीर धरावा. घाबरून हावऱ्याला भरवायला धावू नये. गाव त्याच्या भुकेने नाही, त्याच्या जेवणाने ओस पडतं.