न चमकणारा स्फटिक

एकदा एका विदुषीच्या भट्टीत दोन स्फटिक तयार झाले. एक लखलखीत, दुसरा अगदी निस्तेज. त्या दोघांची ही कथा आहे, आणि ज्या शिष्याने ते वाढवले त्याचीही.

विदुषी वयाने पिकलेली होती. गावाबाहेरच्या टेकडीवर तिची प्रयोगशाळा होती. तिथे मुशीत काही ऑक्साइडं वितळवायची, त्या तप्त रसाला वरून स्फटिकाचा एक बीजखडा टेकवायचा आणि तो फिरवत फिरवत वर ओढायचा, इतका सावकाश की पाहणाऱ्याला तो हलतोय असं वाटूच नये. बीजामागून रस गोठत येतो आणि स्फटिक वाढतो. रसात युरोपियम नावाचा एक दुर्मीळ मृदा धातू चिमूटभर मिसळलेला असे. त्याचे आयन स्फटिकात ठिकठिकाणी जागा धरून बसत. हे आयन प्रकाश आत घेतात आणि सांभाळतात. तेच विदुषीचं आयुष्यभराचं काम होतं: प्रकाशातून आलेला संदेश स्फटिकात ठेव म्हणून ठेवायचा आणि मागितला की जसाच्या तसा परत घ्यायचा.

हा संदेश साधा नव्हे. क्वांटम जगाचा नियम असा की त्याची नक्कल काढता येत नाही. सांभाळताना बिघडला की संपलं, दुसरी प्रत कुठेच नाही. म्हणून राखणदार चोख लागतो.

शिष्याची शिष्यवृत्ती संपत आली होती. विश्वस्त मंडळ येऊन काम पाहणार होतं आणि दुसऱ्या दिवशी स्फटिकाची चाचणी घेणार होतं. पटलं तर मुदत वाढणार, नाहीतर त्याने गाशा गुंडाळायचा. घरूनही निरोप येतच होते, की पुरे झाली भट्टी, आता कुठेतरी नोकरी धर.

विदुषीने त्याला बजावलं होतं, "युरोपियम चिमूटभरच घाल." त्याने तसा एक स्फटिक वाढवला आणि अतिनील दिव्याखाली धरला. तांबूस छटा जेमतेम दिसली. त्याचं मन खट्टू झालं. मग त्याने आपल्याच मनाने दुसऱ्या मुशीत तो धातू सढळ हाताने घातला. हा स्फटिक दिव्याखाली असा लालभडक पेटला, की शेजारच्या दालनातली माणसं हातातली कामं टाकून पाहायला आली. शिष्य मूर्ख नव्हता. पण ज्याला काम दाखवायची घाई असते तो हळूहळू दिसेल तेवढंच काम करू लागतो, आणि त्याला ते कळतही नाही.

मंडळ आलं. त्यात दिव्यांचा एक मोठा व्यापारी होता आणि त्याच्या शब्दाला वजन होतं. शिष्याने खिडक्या लावून घेतल्या, दिवा लावला, लालभडक स्फटिक त्याखाली धरला. सगळे पुढे सरसावले.

"वा," व्यापारी म्हणाला. "बाई, पोरगा तयार केलात तुम्ही. याला मुदत द्यायला माझी काही हरकत नाही."

शिष्याच्या तोंडावर हसू आलं. तेवढ्यात विदुषीने तो स्फटिक उचलला, पदराने पुसला आणि व्यापाऱ्याच्या हातात ठेवला.

"घेऊन जा शेठ. तुमच्या दुकानात शोभेल."

"आणि उद्याची चाचणी?"

"तिला हा." तिने निस्तेज स्फटिक पुढे केला.

व्यापाऱ्याने तो उलटसुलट करून पाहिला. "बाई, ही काच आहे. आम्हाला हसताय काय?"

"हसायचंच असतं तर चहा पाजून हसले असते. उद्या या."

मंडळी कुजबुजत गेली. शिष्य जागचा हलला नाही. मग म्हणाला, "बाई, शेठजी माझ्या बाजूने झाले होते. तुम्ही माझं सगळ्यात चांगलं काम देऊन टाकलंत."

"सगळ्यात चांगलं कुणी ठरवलं? दिव्याने?"

"निदान दिसत तरी होतं. या दुसऱ्यात आहे काय? हा फसला तर मला परवा सामान बांधावं लागेल. तुम्हाला नाही."

"खरं आहे," विदुषी म्हणाली. "म्हणून नीट ऐक, आणि मग तुझं तू ठरव. चाचणीआधी स्फटिक गारठवावा लागतो, आणि त्या शीतपात्रात जागा एकाचीच आहे. तुला तोच हवा असेल तर मी आत्ता शेठजींच्या मागे जाते आणि परत मागून आणते. मला लाज नाही वाटायची."

ती स्टुलावर बसली.

"या आयनाने जे जपायचं ते तो ओसरीवर ठेवत नाही, माजघरात ठेवतो. बाहेरच्या कवचातले इलेक्ट्रॉन जगाचे धक्के खातात, आत शांत असतं. म्हणून तर मी याला राखणीला निवडलं. पण तू काय केलंस? एवढ्याशा जागेत याची दाटी करून ठेवलीस. माजघर कितीही आत असू दे, भिंतीला भिंत लागली की एकाची चुळबूळ दुसऱ्याला जाणवते, दुसऱ्याची तिसऱ्याला. ठेव कुणी चोरत नाही रे. या चुळबुळीतच ती विस्कटते. दिव्याखाली झळकायला गर्दी चालते. कुणाचं काही सांभाळायचं असेल तर अंतर लागतं. तुझा तो स्फटिक वाईट नाही. त्याचं काम निराळं आहे."

व्यापारी टेबलावर ठेवून गेलेला खडा शिष्याने उचलला. मग त्याने शीतपात्र उघडलं आणि निस्तेज स्फटिक स्वतःच्या हाताने आत बसवला.

पात्र पुरेसं थंड व्हायला दुसरा दिवस उजाडला. मंडळ पुन्हा आलं. शिष्याने ठरलेला संदेश घेऊन जाणारी प्रकाशाची लहर स्फटिकात सोडली. ती आत गेली आणि बाहेर पडणारा प्रकाश दाखवणारा पडदा कोरा झाला. व्यापाऱ्याने जांभई दिली. मग शिष्याने मागणीची दुसरी लहर सोडली, आणि पडद्यावर एक लहानसा उंचवटा उमटला. पाठवलेल्याशी त्याने तो ताडून पाहिला. पुन्हा पाठवलं, पुन्हा ताडून पाहिलं.

"एवढंच?" व्यापारी म्हणाला. "आमच्या दुकानातली सगळ्यात छोटी माळ याहून जास्त उजेड देते."

"उजेडासाठी नाहीच हा, शेठ," शिष्य म्हणाला. "ठेव होती. दिली होती तशी परत आली."

व्यापारी पुन्हा पडद्याकडे वळला. "आत असताना काय आहे ते कुणाला कळलं नाही?"

"नाही."

"शेजारच्या आयनालासुद्धा?"

"शेजार लांब आहे."

व्यापारी पडद्यापासून मागे झाला. मग आपल्या सोबत्यांना म्हणाला, "माझ्या पेढीत असा एक माणूस नाही." आणि मुदतवाढीच्या कागदावर त्याने सगळ्यांत आधी सही केली.

शिष्याला आनंद झाला, पण तो काल दिव्याखाली झाला होता तसा नव्हता. त्याने तो कुणाला बोलून दाखवला नाही.

कुणी विश्वासाने आपल्यापाशी काही ठेवलं, तर ते घेऊन चार माणसांपासून जरा लांब बसायला शिकावं.