पिवळ्याचं दुमजली घरटं

पूर्वी एका विहिरीकाठच्या बाभळीवर सुगरण पक्ष्यांची वस्ती होती. तिथली रीत अशी, की नराने घरटं अर्धंच विणायचं, मादीला दाखवायचं आणि तिला पसंत पडलं तरच पुरं करायचं.

पिवळ्या नावाच्या तरुण नराच्या डोक्यात मात्र दुमजली, हवेशीर घरटं होतं. असं घरटं आजवर कुणी विणलं नव्हतं. यंदा त्यात आपली पिल्लं वाढावीत, एवढाच त्याला ध्यास होता.

"अरे, अर्धं झालंय, आता तरी कुणाला दाखव," शेजारचे काका म्हणाले.

"अर्धवट बघून काय कळणार, काका? पुरं होऊ द्या, सगळ्या बघतच राहतील!"

महिनाभर तो विणत राहिला. इतरांच्या घरट्यांत पिल्लं चिवचिवू लागली, तेव्हा कुठे त्याने सावळी नावाच्या मादीला बोलावलं. ती आत शिरली, वर गेली आणि लगेच बाहेर आली.

"सुरेख आहे रे. पण वरून अंडी घरंगळतील, त्याचं काय?"

पिवळ्याने हा विचारच केला नव्हता. सावळी उडायच्या बेतात होती. त्याने भराभर वरचा मजला निम्मा उसवला.

"अगं, थांब! अंडी अडवायला उंबरा किती उंच हवा, तेवढं सांग."

सावळी मागे वळली आणि चोच टेकवून म्हणाली, "इथवर."