कळशी नसलेलं घर

“म्हणजे बुद्धी रक्तातच असते का, बाबा?”

दिगंबरने टेकण्याआधीच विचारलं. टेकडीवरच्या या दर्ग्यात लालशाबाबांनीच लहानपणी त्याला मुळाक्षरं शिकवली होती. आता तो निवासी शाळेसाठी मुलं निवडत होता. बुद्धिमापन चाचणीत पेठेतली मुलं भराभर पुढे गेली होती. पाड्यातली सगळी मागे. उद्या नावं कळवायची होती आणि त्यांत पाड्यातलं कुणीच नव्हतं.

पाड्यातली जेठी मात्र त्याच्या मागोमाग टेकडी चढून आली होती. आपण पास झालो का, एवढंच तिला हवं होतं. दिगंबरने वाटभर विषय टाळला होता.

बाबांनी चाचणीतलं एक चित्र मागितलं. दिगंबरने पत्र्याची पेटी उघडून दिलं. चित्रात एक बंद घर होतं. काय राहिलंय, ते ओळखायचं.

“दाराला कडी नाही,” दिगंबर म्हणाला. “पेठेतली पोरं बघताक्षणी सांगतात.”

“आणि ही?”

जेठी हळूच म्हणाली, “बाहेर कळशी नाही. घरची माणसं रानात गेली, तर वाटसरूनं प्यायचं काय?”

दिगंबर हसला. पाड्यातली सगळी मुलं हेच बरळली होती, असं म्हणाला.

बाबांनी चित्र खाली ठेवलं.

“येताना पाणी कुठं प्यायलास?”

“पाड्यात.”

“कुणी दिलं?”

“घरात कुणी नव्हतं. दाराबाहेर कळशी…”

दिगंबर थांबला.

बाबांना हसू आवरेना. दिगंबरही हसू लागला.

“चित्र बदलतो, बाबा. कडीऐवजी कळशी घालतो.”

“घाल. मग पेठेतली पोरं नापास. त्यांच्या रक्ताचं काय करशील?”

दिगंबरने चित्र पेटीत ठेवून झाकण लावलं.

जेठीने पेटीजवळ सरकून तिच्या कडीवर बोट ठेवलं. “सर, कडी म्हणजे ही ना? आमच्या ताटीला नसते. एकदा लावून दाखवा, मला येईल.”

त्याने दाखवली. तिने लावली, काढली, पुन्हा लावली. खट्, खट्. प्रत्येक वेळी तिचे दात दिसत होते.

दिगंबरने नावांचा कागद काढून सगळ्यात वर लिहिलं, जेठी. मग पाड्यातल्या बाकीच्या मुलांना आधी शिकवून चाचणी पुन्हा घ्यायचं त्याने कबूल केलं. एवढं करून तो ऐटीत बाबांकडे बघू लागला.

“ही शिकली,” बाबा म्हणाले. “आता तू ऊठ. दाराबाहेरची कळशी भर.”