खराबीसारखं काहीतरी

“खराबी सापडली, की खराबीसारखं काहीतरी सापडलं?”

गुलाबचाचांनी विचारलं, आणि वैजयंताचा हात बॉनेटवर तसाच थांबला.

तिनं नुकतंच बॉनेट खाली आपटून, कमरेवर हात ठेवून सांगितलं होतं, “झाली गाडी. न्या, सिस्टर.”

पाटणच्या वेशीवर तिचं गॅरेज. गाड्यांच्या वायरिंगचं काम, दुसरं काही नाही. हे काम ती याच गुलाबचाचांकडे, गुलाब मुजावरांकडे, शिकली. ती पहिल्यांदा त्यांच्या दुकानाच्या दारात उभी राहिली, तेव्हा सगळी बाजारपेठ हसली होती. पोरगी आणि पक्कड! मुजावर हसले नव्हते. त्यांनी तिच्या हातात पक्कड दिली आणि एका ट्रकखाली बोट दाखवलं, इतकंच.

आता त्यांना कमी दिसायचं. स्वतःचं दुकान त्यांनी बंद केलं होतं. सकाळी शिष्येच्या गॅरेजात येऊन खुर्चीवर बसत. कामाला हात लावत नसत.

वैजयंताला स्वतःचा अभिमान होता, आणि तो फुकटचा नव्हता. पार चिपळूणहून लोक तिच्याकडे गाड्या आणत. “माझ्या हातून गेलेली गाडी परत येत नाही,” असं ती गिऱ्हाइकांना ऐकवायची.

“परत येत नाही,” चाचा एकदा म्हणाले होते, “की लोक परत आणत नाहीत?”

तिनं ते हसण्यावारी नेलं होतं.

आजची गाडी भिसे सिस्टरांची होती. सिस्टर डोंगरातल्या वाड्यांवर बाळंतपणं करणाऱ्या. गाडी जुनी, त्यांच्या वडिलांनी वापरलेली. तिचे दिवे चालता चालता जात, आणि मनात आलं की परत लागत. एका गॅरेजनं बॅटरी बदलली. दुसऱ्यानं डायनामो. तिसऱ्यानं दोन्ही बल्ब बदलले आणि वर छातीवर हात मारून सांगितलं, आता नक्की.

मागच्या आठवड्यात तिन्हीसांजेला घाटात दिवे गेले. मागच्या सीटवर कळा येत असलेली बाई होती. एका बाजूला दरी. सिस्टरांनी जागेवर गाडी थांबवली. मग त्या बाईचा दीर मोबाईलचा उजेड धरून पुढे चालत राहिला आणि त्याच्या पाठीकडे बघत सिस्टरांनी गाडी हळूहळू वर काढली.

बाळ-बाळंतीण सुखरूप होती. पण तेव्हापासून स्टिअरिंग हातात धरलं की सिस्टरांच्या तळहातांना घाम सुटायचा.

“मला बाकी काही नको,” त्या वैजयंताला म्हणाल्या होत्या. “भरवसा ठेवता येईल असं एक माणूस पाहिजे.”

“मग बरोबर ठिकाणी आलात,” वैजयंता म्हणाली होती.

आणि आता चाचा हे विचारत होते. गिऱ्हाइकासमोर.

“अर्थिंगची वायर गंजली होती, चाचा. घासली, आवळून बसवली. दिवे बघा की. समोरची भिंत पांढरी झालीय.”

“भिंतीसमोर जात होते का दिवे?”

वैजयंताची नजर भिंतीवर गेली.

चाचांनी मान वळवली. “सिस्टर, कुठं जातात?”

“घाटात. चढाला... वळणावर.”

“हं.”

वैजयंताच्या कानशिलांपर्यंत लाली चढली.

“तुमचा माझ्यावर भरवसा नाही, चाचा?”

“मला कशाला विचारतेस? त्या गाडीत मी बसणार नाहीये.”

तिनं किल्ली उचलली. “चला सिस्टर. तुम्ही बाजूला बसा. मी दाखवते.”

दिवस मावळत होता. पहिली वळणं गाडीनं झोकात घेतली. दिव्यांचा झोत कड्यावरून सरकत होता, चांगला पांढरा, भरदार. वैजयंताच्या मनात चाचांना द्यायचं उत्तर तयार झालं होतं. तिला ते पाठही झालं होतं.

“बघितलंत?” ती म्हणाली.

सिस्टरांनी मान डोलावली.

पुढचं वळण डावीकडे, अरुंद, खडा चढ. तिनं स्टिअरिंग पूर्ण वळवलं... आणि समोरचं सगळं नाहीसं झालं. कडा नाही, रस्ता नाही, कठडा नाही.

वरून हॉर्न वाजला.

तिनं ब्रेकवर उभं राहावं तसा पाय दाबला. ट्रक आरशाला चाटून खाली निघून गेला. त्याच्या क्लीनरनं दिलेली शिवी घाटात थोडा वेळ राहिली.

दोघी बसून होत्या. वैजयंतानं स्टिअरिंगवरचे हात काढले, मांडीवर पुसले. तळहात ओले होते.

सिस्टर हळूच म्हणाल्या, “मला अस्संच झालं होतं बघ त्या दिवशी.”

त्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं वैजयंताला वाटलं.

तिनं गाडी हळूच मागे घेऊन कड्याच्या बाजूला लावली आणि चाकांमागे दगड ठेवले. मग जागेवर उभ्या गाडीचं स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवलं. दिवे गेले. सरळ केलं. लागले. पुन्हा फिरवलं... गेले.

गॅरेजात गाडी सरळ उभी असते. तिथं हे कुणाला दिसणार?

स्टिअरिंगखालचं झाकण काढून तिनं आत हात घातला. वायर बाहेरून धडधाकट होती, एक ओरखडा नाही. तिनं ती बोटांच्या चिमटीत धरून सरकवत नेली. एका जागी प्लॅस्टिकच्या आत पोकळ लागलं. आतली तार तुटून दोन टोकं एकमेकांना नुसती टेकून होती. स्टिअरिंग पूर्ण वळलं की लांब जात, सरळ झालं की पुन्हा टेकत.

तिनं तात्पुरता जोड दिला. मग गाडी सावकाश खाली आणली.

सकाळी चाचा आले, तेव्हा ती गाडीत स्टिअरिंगखाली डोकं घालूनच होती. वायरचा तेवढा सगळा तुकडा तिनं नवा घातला. मग कुणाला न सांगता गाडी घेऊन घाटात गेली आणि ते डावीकडचं वळण पुन्हा पुन्हा चढून-उतरून आली.

सिस्टर आल्या, तेव्हा गॅरेजात गर्दी होती. वाळूच्या ट्रकचा मालक जाधवशेठ होता, जीपवाले होते. सगळे वैजयंताचं नाव ऐकून आलेले.

“झाली का गं?” सिस्टरांनी विचारलं.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. चाचांनी मात्र पाहिलं नाही. ते रस्त्याकडे तोंड करून बसले होते.

वैजयंतानं तोंड उघडलं. शब्द ओठांवर आला होता, रोजचाच, ‘झाली’. तो तिनं गिळला.

“एक तार तुटली होती, सिस्टर. ती सापडली. नवी घातली. घाटात फिरवून आणली, दिवे गेले नाहीत.” तिनं बॉनेटवर हात ठेवला. “पण या गाडीचं सगळं वायरिंग म्हातारं झालंय. आणखी कुठं आतून तुटत आलं असेल तर... मला माहीत नाही.”

जाधवशेठ मोठ्यानं हसले. “घ्या! वैजयंताबाईंना माहीत नाही! मग काय सिस्टरांनी दुसरं गॅरेज शोधायचं?”

तिचा चेहरा तापला. पण मान खाली गेली नाही.

“जायचं तर जा, सिस्टर. मला वाईट वाटणार नाही.” मग तिनंच दुरुस्त केलं, “वाटेल. पण जा. इथं राहिलात तर एकेक करून सगळं वायरिंग बदलू. तोवर अंधारात बाई न्यायची वेळ आली तर मला फोन करा. मी माझी गाडी काढीन. तुमच्या पुढं दिवे लावून चालवीन.”

हसणं थांबलं.

खुर्ची करकरली. गुलाबचाचा उठले होते. हात पुढे करून, चाचपडत ते गाड्यांमधून आले. वैजयंताचा खांदा हाताला लागला, तिथून वर सरकून हात तिच्या डोक्यावर थांबला. एवढ्या वर्षांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं. चारचौघांत तर नाहीच.

“शेठ,” ते म्हणाले, “ही माझ्या हाताखाली तयार झालीय.”

कुणी विचारलं नव्हतं. पण म्हातारा असा ताठ उभा होता, की जाधवशेठांनी नकळत टोपी सारखी केली. वैजयंता बूट न्याहाळत होती. तिला डोळे वर करता येत नव्हते.

सिस्टर गोंधळून दोघांकडे बघत राहिल्या.

“चाचा, तिघं मला ‘नक्की’ म्हणाले. ही म्हणते ‘माहीत नाही’. आणि मला मन सांगतंय, हिच्याकडंच राहा. माझं काही चुकतंय का? मी हिच्यावर भरवसा ठेवू?”

चाचांनी शिष्येच्या डोक्यावरचा हात काढला नाही.

“स्वतःवरचा थोडा भरवसा तिनं आज खाली ठेवलाय, सिस्टर... तेवढा तुम्ही उचला.”