वीतभर कमी पडलेला वार

फार पूर्वी एका डोंगरी किल्ल्याच्या पायथ्याला एक गाव होतं आणि त्या गावात फरी-गदगा शिकवणारा एक वस्ताद होता. डाव्या हातात चामड्याची छोटी ढाल, ती फरी. उजव्या हातात चामडं गुंडाळलेली काठी, तो गदगा. तलवार हातात येण्याआधी गावची पोरंपोरी या खेळावर हात बसवत.

या तालमीत पंच नसे. ज्याच्या अंगाला वार लागेल, त्यानेच "लागला!" असं ओरडायचं आणि एक पाऊल मागे जायचं. लागूनही जो गप्प राहील, त्याने 'लागला गिळला' असं म्हणत आणि त्याला वर्षभर रिंगणात पाऊल टाकता येत नसे. पोरं घरी दुधावरची साय गिळून नाही म्हणत असतील, पण 'लागला' कुणी गिळत नसे.

सकाळी वस्ताद सगळ्या गावाच्या मुलांना शिकवी. दुपारी मात्र तो गड चढून जाई, कारण किल्लेदाराच्या लेकीला एकटीला शिकवायचं असे. मुलगी दहा वर्षांची, चपळ आणि हट्टी. पहिल्याच दिवशी तिचे सगळे वार हुकले आणि तिने भोकाड पसरलं. सज्ज्यातून किल्लेदार बघत होता. वस्ताद घाबरला. पुढचा वार त्याच्या छातीपासून वीतभर लांब राहिला, तरी तो ओरडला, "लागला!"

मुलीचे डोळे असे चमकले की वस्तादालाही बरं वाटलं. उद्यापासून खरं सांगू, असं त्याने मनाशी ठरवलं. तो उद्या काही उगवला नाही. बघता बघता दोन वर्षं झाली. वार वीतभर अंतरावर आला की वस्ताद "लागला" म्हणे आणि मुलगी थांबे.

दसरा आठ दिवसांवर आला. दसऱ्याला शेजारच्या गडाच्या मुलांशी सामने होत, आणि या वर्षी आपली लेक खेळणार असं किल्लेदाराने जाहीर करून टाकलं. वर तो म्हणाला, "वस्ताद, तुमच्या तालमीतलं कुणीतरी गडावर आणा. दोन हात होऊ द्या."

वस्तादाने कुंभाराची मुलगी नेली. गावाकडून दसऱ्याला तीही खेळणार होती.

दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. किल्लेदाराच्या लेकीने झेप घेतली, सुरेख वार केला, आणि वीतभर अलीकडे थांबून फरी खाली घेतली. ती वाट बघू लागली. कुंभाराच्या मुलीला काही कळेना. समोरची उघडीच उभी आहे म्हटल्यावर तिने गदगा उचलून तिच्या खांद्यावर टेकवला.

"ही 'लागला' म्हणत नाही!" किल्लेदाराची लेक संतापली. "आबासाहेब, हिने गिळला!"

"नाही हो सरकार! मला शिवलासुद्धा नाही," कुंभाराची मुलगी रडवेली होऊन म्हणाली. "आईची शपथ!"

किल्लेदाराचा चेहरा कठोर झाला. "वस्ताद, तुम्ही इथेच उभे होतात. वार लागला की नाही?"

वस्ताद कात्रीत सापडला. 'लागला' म्हणावं, तर कुंभाराच्या पोरीवर खोटेपणाचा शिक्का बसणार आणि तिचा दसरा जाणार. 'नाही' म्हणावं, तर दोन वर्षांची सगळी लबाडी उघडी पडणार. कुंभाराच्या पोरीने वस्तादाकडे पाहिलं. वस्ताद खोटं बोलणार नाही, असा तिचा पक्का भरवसा होता. तो भरवसाच त्याला सहन होईना.

तो रिंगणात उतरला आणि मोठ्याने म्हणाला, "लागला, सरकार! पण तिला नाही, मला."

मग तो एक पाऊल मागे गेला आणि त्याने सगळं सांगितलं. पहिल्या दिवसाचं भोकाड, स्वतःची भीती, रोजचा खोटा शब्द, काही राखून ठेवलं नाही. शेवटी त्याने आपला गदगा जमिनीवर ठेवला. "गिळण्याला जी शिक्षा, तीच खोटं ओकण्याला. वर्षभर मी रिंगणात पाऊल टाकणार नाही."

किल्लेदाराची लेक पाठ फिरवून उभी राहिली. बराच वेळ तिचे खांदे हलत होते. मग नाक पुसत तिने विचारलं, "दोन वर्षांत एकही खरा नव्हता?"

"होते ना, बाईसाहेब! चांगले दहा-बारा होते. दोन तर असे बसले की घरी जाऊन हळद लावली."

"मग मला वार येतो?"

"वार येतो. फक्त वीतभर आधी थांबता. तो दोष माझा."

"एवढंच ना!" ती म्हणाली. तिने कुंभाराच्या मुलीपुढे हात जोडले. "चुकले मी. पुन्हा खेळशील?"

वस्तादाचा जीव भांड्यात पडला. दोन वर्षांत पहिल्यांदाच तो गड उतरताना शीळ घालत होता.

पुढचे आठ दिवस तो रिंगणाबाहेर बसून ओरडत राहिला, "अजून पुढे! थांबू नका!" आणि दोघी मुली एकमेकींना चोपत राहिल्या.

दसऱ्याला कुंभाराची मुलगी आपला सामना जिंकली. किल्लेदाराची लेक आपला हरली. पण तिचे तीन वार असे बसले की समोरच्याने तिन्ही वेळा स्वतःच्या तोंडाने कबूल केले. दंडावरचे वळ बापाला दाखवत ती मैदानभर मिरवली. किल्लेदार वस्तादाजवळ येऊन एवढंच म्हणाला, "आज पोर खरी खेळली."

मग ती स्वतः धावत आली. "वस्ताद, उद्यापासून मी सकाळी खाली येऊ? सगळ्यांच्यात?"

"या की. पण तिथे कुणी गय करणार नाही."

"म्हणूनच तर यायचंय," ती म्हणाली.

तात्पर्य: खोटी शाबासकी मुलाला हसवते, पण वीतभर अलीकडेच थांबवते. हुकलं ते हुकलं म्हणून सांगणाराच त्याला पुढे नेतो, आणि ते सांगायला कितीही उशीर झाला तरी सांगून टाकल्यावर दोघांचंही ओझं उतरतं.