पहिल्या रांगेचा मान

तोरा कुणी कितीही मिरवावा, पण बस चालवणाऱ्या बाईपुढं पत्त्याच्या गप्पा मारू नयेत.

लंडनमधल्या एका पबात आर्सेनल या फुटबॉल क्लबचे चाहते पडद्यावर सामना बघायला जमत. एकदा त्यांचे अध्यक्ष हॉब्ससाहेब गरजले, "पहिली रांग फक्त अस्सल चाहत्यांची! क्लब जिथं जन्मला तिथंच जो जन्मला, तो अस्सल. बाकीचे मागं!"

रोख होता वत्सला सरनोबतवर. बाई कोल्हापूरची, वीस वर्षं लंडनात बस चालवणारी, आणि फुटबॉल म्हटलं की पहिल्या रांगेत बसणारी.

ती उठून मागच्या बाकावर गेली. "साहेब, नियम सगळ्यांना सारखाच ना?"

"अलबत! मलासुद्धा."

"तुमचा जन्म कुठला?"

"हायबरीचा! क्लबच्या जुन्या मैदानाला लागून घर!" साहेबांची छाती फुगली.

"आणि क्लबचा?"

उत्तरही तिनंच दिलं.

"क्लब जन्मला थेम्सपलीकडं, वुलिचला. दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या कामगारांनी काढलेला. तुमच्या हायबरीला तो सत्तावीस वर्षांनी बिऱ्हाड घेऊन आला. माझी बस रोज जाते की वुलिचला!"

वत्सलानं सरकून शेजारचा बाक झटकला.

"या साहेब, मागं या. तुमची जागा धरून ठेवलीय."